असईच्या तोफा, काचेचा महाल

१ मे १८५१ रोजी राणी व्हिक्टोरियाने लंडनच्या हाइड पार्कमध्ये पहिल्या जागतिक महाप्रदर्शनाचं उद्घाटन केलं. त्याच दिवशी ड्यूक ऑफ वेलिंग्टनला ८२ वर्षं पूर्ण झाली, आणि राणीचा तेव्हाचा सर्वांत धाकटा मुलगा आर्थर एक वर्षाचा झाला. मुलाचं नावच मुळी ड्यूकवरून ठेवलेलं. विंटरहाल्टर या दरबारी चित्रकाराने हा योग रंगवून ठेवला आहे. म्हातारा सेनापती बाळापुढे वाकून नजराण्याची पेटी धरतो आहे, राणीने बाळाला सावरलं आहे, आणि पार मागे, क्षितिजाजवळ, प्रदर्शनासाठी लोखंडाच्या सांगाड्यावर उभारलेला काचेचा महाल दिसतो आहे.

मराठी इतिहासात हा ड्यूक जनरल आर्थर वेलस्ली म्हणून येतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, असई गावाजवळ, त्याने दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे तो वॉटर्लूला नेपोलियनशी लढला, इंग्लंडचा पंतप्रधान झाला. पण रणांगणावरची आपली सर्वांत उत्तम कामगिरी कोणती, असं उतारवयात कुणी विचारलं तेव्हा त्याने असईचंच नाव घेतलं, अशी नोंद आहे. असईच्या काळ्या जमिनीवर ज्याची कीर्ती सुरू झाली, तोच माणूस अखेरच्या वर्षांत काचेच्या महालात पुन्हापुन्हा जात असे. तिथे ज्या दालनांपाशी त्याचं पाऊल थबके, त्यात सॅम्युएल कोल्ट या अमेरिकी कारखानदाराचं बंदुकांचं दालन होतं.

असई ते हाइड पार्क या अठ्ठेचाळीस वर्षांत हत्याराच्या आयुष्यात काहीतरी मोठं बदललं. तो बदल यंत्रविद्येचा आहेच. पण त्याहून अधिक तो धर्मविचाराचा आहे, आणि त्याकडे आपल्याकडे फारसं कुणी पाहिलेलं नाही.

आधी असई. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांचं कवायती पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा उभ्या होत्या. पायदळाची सूत्रं पोलमन या हॅनोव्हरच्या सरदाराकडे होती. बेगम समरूच्या पलटणीही होत्या. केळणेच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं वेलस्लीला दिसली. दोन गावं अशी समोरासमोर वसली आहेत त्या अर्थी मध्ये उतार असणारच, हा त्याचा तर्क खरा ठरला आणि फौज नदीपार झाली. त्यानंतर जे झालं ते तोफांनी केलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूचे सुमारे १,६०० लोक मेले किंवा जखमी झाले. ७४व्या हायलँडर पलटणीची तर चाळणच झाली. मराठ्यांकडची हानी याहून कितीतरी मोठी होती. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. बहुतेक जण तोफांच्या चाकांपाशीच संगिनींनी मारले गेले. काही मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, शत्रू पुढे सरकताच उठले, आणि त्याच तोफा फिरवून त्यांनी पाठीमागून मारा सुरू केला.

या तोफा कुठल्या परदेशी बाजारातून आलेल्या नव्हत्या. महादजी शिंद्यांनी उत्तर हिंदुस्थानात स्वतःचे ओतकारखाने उभे केले होते. आग्र्याच्या कारखान्यावर सँगस्टर नावाच्या स्कॉट कारागिराची देखरेख होती, आणि तिथल्या पितळी तोफांचा दर्जा पाहून इंग्रज अधिकारीही चकित झाले. म्हणजे तोफ कुणी ओतली, कुणासाठी ओतली, ती कुणाच्या हाती आहे आणि तिचं तोंड कुणाकडे आहे, हे सगळं त्या दिवशी असईच्या मैदानावर प्रत्येकाला ठाऊक होतं. यात पवित्र काहीच नव्हतं. शिंद्यांच्या पदरचे कित्येक युरोपीय अधिकारी लढाईच्या आधीच कंपनीच्या आश्वासनावर बाजू सोडून गेले होते. कसब विकाऊ होतं, निष्ठाही विकाऊ होती. तरीही हत्याराला धनी होता, आणि त्या धन्याला नाव होतं.

जखमींचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण लढाईच्या गोष्टीत ते नेहमी गळतं. दौलताबादच्या किल्ल्यात त्यांना ठेवावं असा वेलस्लीचा विचार होता, पण निजामाच्या किल्लेदाराने दार उघडलं नाही. मग अजिंठा गावी इस्पितळ उभं राहिलं. त्या गावापासून काही मैलांवर, झाडीत बुजलेल्या दरीत, अहिंसेचा उपदेश करणाऱ्या बुद्धाची चित्रं भिंतीभिंतींवर होती. ती लेणी इंग्रजांच्या नजरेस पडायला आणखी सोळा वर्षं लागणार होती.

आता काचेचा महाल. हे प्रदर्शन म्हणजे मानवजातीच्या एकतेचा उत्सव आहे, अशी राणीचा नवरा राजपुत्र अल्बर्ट याची मनापासून श्रद्धा होती. पृथ्वी आणि तिच्यावरचं सारं काही परमेश्वराचं आहे, या अर्थाचं बायबलमधलं वचन त्याने अधिकृत सूचीच्या मुखपृष्ठासाठी निवडलं. उद्घाटनाला कँटरबरीच्या आर्चबिशपने प्रार्थना म्हटली. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या एक्झेटर हॉलमध्ये जागतिक शांतता परिषद भरली, आणि युद्धांचा काळ संपत आला आहे असं तिथे जमलेल्या पुष्कळांना खरोखर वाटलं. साठ लाख लोकांनी प्रदर्शन पाहिलं. शिलिंगाचं तिकीट काढून गिरणीकामगार आले, खेड्यांतून आगगाड्या भरून माणसं आली.

आणि याच छपराखाली कोल्टने आपली शेकडो पिस्तुलं मांडली. फिरत्या नळकांड्यात गोळ्या भराव्यात आणि पुन्हा न भरता एकामागून एक झाडाव्यात, अशी त्यांची करामत. इंग्लंडच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सने आपलं रिव्हॉल्व्हर त्याच्या स्पर्धेत उतरवलं. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या रॉबिन्स अँड लॉरेन्स कारखान्याने सहा रायफली ठेवल्या. दिसायला साध्याच, पण त्यांचं वैशिष्ट्य असं की एकीचा कुठलाही भाग काढून दुसरीला अचूक बसावा. जर्मनीच्या एसेन गावातून आल्फ्रेड क्रुपने दोन टनांच्या आसपास वजनाची पोलादाची एकसंध लगड आणली, आणि तिच्याजवळ आरशासारखी घासलेली पोलादी तोफ ठेवली. लगडीला सर्वोच्च पदक मिळालं. तोफेभोवती मात्र गर्दी जमली.

या मांडणीत कुणाला विसंगती दिसली नाही, असं नाही. शांतता परिषदेच्या मंडळींना ती दिसत होती. पण ज्यांनी हत्यारं मांडली त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही, ही गोष्ट जास्त महत्त्वाची. शेजारी नांगर होते, कापणीयंत्रं होती, कुलपं होती, घड्याळं होती. सगळ्या वस्तूंना एकच न्याय: काम सुबक आहे का, किंमत परवडते का. पिस्तूल कुणाच्या छातीवर रोखलं जाणार, हा प्रश्न त्या मांडणीत विचारायला जागाच नव्हती. असईच्या मैदानावर तोफेला धनी होता आणि शत्रू होता. काचेच्या कपाटात तिला फक्त गिऱ्हाईक उरलं, आणि तेही कोण असेल ते सांगता येत नव्हतं.

इथे आपल्या परंपरेकडे वळून पाहावंसं वाटतं. शस्त्राकडे धर्माने कसं पाहावं, यावर या भूमीत पुष्कळ विचार झाला आहे. त्यातला निम्माच आपण लक्षात ठेवतो.

लक्षात राहिलेला निम्मा भाग दसऱ्याचा. खंडेनवमीला घरातली शस्त्रं पुसून, हळदकुंकू वाहून पुजली जातात. आज गावोगाव ट्रॅक्टर, वीजपंप, शिवणयंत्र यांनाही झेंडूची माळ पडते. जालन्याच्या कारखान्यांत भट्ट्या आणि यंत्रं सजतात. पांडवांनी शमीच्या झाडावर लपवलेली आयुधं अज्ञातवासानंतर परत घेतली, ही कथा त्यामागे आहे. या पूजेत शस्त्र घरचं असतं. त्याला घराण्याची ओळख असते, आणि वर्षातून एक दिवस ते देवापुढे ठेवताना पुजणारा हेही कबूल करत असतो की यावर आपल्या एकट्याची सत्ता नाही.

विस्मरणात गेलेला भाग महाभारताच्या सौप्तिक पर्वात आहे. द्रोणाचार्यांनी ब्रह्मशिर हे अस्त्र अर्जुनाला दिलं. अश्वत्थामा मत्सराने पेटला आणि बापाकडे हट्ट धरून बसला. मुलाचा स्वभाव ओळखून असलेल्या द्रोणांनी नाइलाजाने ते दिलं, आणि बजावलं की कितीही संकट आलं तरी हे माणसांवर सोडू नकोस. त्यानंतर एकदा अश्वत्थामा द्वारकेला गेला आणि कृष्णाला म्हणाला, माझं हे अस्त्र घे आणि तुझं चक्र मला दे. कृष्णाने नकार दिला नाही. तुझं अस्त्र नको, पण चक्र हवं तर उचलून ने, असं तो म्हणाला. अश्वत्थाम्याने डाव्या हाताने पाहिलं, उजव्या हाताने पाहिलं, सगळा जोर लावला. चक्र जागचं हललं नाही. तो थकून खिन्न झाला तेव्हा कृष्णाने त्याला विचारलं की हे मिळालं असतं तर तू कुणाशी लढणार होतास? अश्वत्थाम्याने खरं ते सांगितलं. तुमची पूजा करून तुमच्याशीच लढलो असतो, म्हणाला.

हत्याराच्या देवघेवीवर याहून नेमका प्रसंग कुठल्या धर्मग्रंथात असेल असं वाटत नाही. अस्त्र चांगलं की वाईट, ही चर्चा इथे होतच नाही. चर्चा आहे ती मागणाऱ्याची. देणाऱ्याने घेणाऱ्याची पात्रता पाहायची, हेतू विचारायचा, आणि वापरावर अट घालायची. द्रोणांनी अट घातली पण पात्रतेकडे डोळेझाक केली, त्याचं फळ अभिमन्यूच्या विधवेच्या, उत्तरेच्या, गर्भापर्यंत पोचलं. सोडलेलं अस्त्र मागे घेणं अश्वत्थाम्याला जमलं नाही. हा दोष एकट्या अश्वत्थाम्याचा मानून महाभारत थांबत नाही. ते आधी जाऊन द्रोणांच्या त्या दुबळ्या क्षणाची हकिगत सांगतं.

गीतेची गोष्ट वेगळी. गीता बोलते ती धनुष्य हाती धरलेल्याशी. त्याने का लढावं, कोणत्या बुद्धीने लढावं, कर्माचा लेप कसा टाळावा, हे सारं रणांगणावर उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. बाण घडवणारा आणि विकणारा त्या संवादात कुठेच नाही. म्हणून आजचा एखादा कारखानदार निष्काम कर्माचा आधार घेऊन आपली सुटका करू पाहील, तर तो अर्जुनाची जागा फुकट बळकावतो. अर्जुनाला समोर कोण उभं आहे ते दिसत होतं. आजे, मामे, गुरू, भाऊ दिसत होते, म्हणूनच तर तो खाली बसला.

विक्रेत्याबद्दल स्पष्ट बोलले ते श्रमण परंपरेतले विचारवंत. बुद्धाने गृहस्थ उपासकांसाठी पाच व्यापार निषिद्ध सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. यादीत पहिलं नाव शस्त्राचं आहे. सैनिक, राजा, शिकारी यांना बुद्धाने इतरत्र पुष्कळ सांगितलं. पण इथे बोट दुकानदाराकडे आहे. ज्याने स्वतः कधी कुणाला मारलं नाही, गल्ल्यावर बसून फक्त माल दिला आणि पैसे मोजले, त्याच्याकडे.

जैन आचार्यांनी याचा आणखी बारीक कीस काढला. समंतभद्रांच्या श्रावकाचारात, म्हणजे जैन गृहस्थांसाठीच्या आचारग्रंथात, हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं हा स्वतंत्र दोष धरला आहे, आणि त्या साधनांत तलवारीबरोबर कुऱ्हाड, कुदळ, अग्नी यांचीही नावं आहेत. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांनी योगशास्त्रात श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांची यादी दिली. त्यातल्या विषवाणिज्यात शस्त्रं येतात, आणि त्यांच्याच ओळीत नांगर, यंत्रं आणि लोखंडही येतं.

ही ओळ जालन्यात बसून वाचावी. जालन्याची आजची ओळखच लोखंड आणि बियाणं. औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद गिरण्या भंगार वितळवून बांधकामाच्या सळया काढतात. १९६४ मध्ये बद्रिनारायण बारवाले यांनी महिको सुरू केल्यापासून संकरित बियाण्यांचा मोठा उद्योग इथे वाढला. याच शहरात गुरू गणेश तपोधाम हे जैनांचं श्रद्धास्थान आहे. हेमचंद्रांची यादी शब्दशः धरली तर या शहराचा बाजारच बंद करावा लागेल. तसं कुणी धरत नाही, आणि धरूही नये. पण ती यादी भाबडी नाही. लोखंड कशातही बदलू शकतं हे त्या आचार्याला कळत होतं, नांगराच्या फाळाखाली जीव मरतात हेही कळत होतं. म्हणूनच त्याने यादीला विशेषण जोडलं: जीव घेणाऱ्या वस्तूंची विक्री. लोखंड विकणाऱ्याने निदान एवढं तरी मनात धरावं की आपल्या मालाचा शेवट कुठे होतो, ही त्यातली किमान अपेक्षा.

क्रुपचा कारखाना या कसोटीवर घासून पाहण्याजोगा आहे. त्याने पैसा मिळवला तो आधी आगगाडीच्या चाकांवरच्या जोड नसलेल्या पोलादी धावांवर. त्याच्या बोधचिन्हातली एकात एक अडकलेली तीन कडी ही त्या धावांचीच. म्हणजे लोकांना जवळ आणणारी रेल्वे आणि गावं उद्ध्वस्त करणारी तोफ एकाच भट्टीतून निघाली, आणि कारखानदाराने दोन्ही सारख्याच अभिमानाने मिरवल्या.

१८५१चं प्रदर्शन संपलं आणि त्याची फळं दिसू लागली. कोल्टने लंडनमध्ये पिम्लिकोला कारखाना काढला. क्रिमियाच्या युद्धात त्याने इंग्रजांना माल दिला आणि रशियाशीही व्यवहार केला. अमेरिकेच्या यादवीत पहिला गोळा सुटेपर्यंत तो उत्तरेलाही विकत होता आणि दक्षिणेलाही. रॉबिन्स अँड लॉरेन्सच्या त्या सहा रायफली पाहून ब्रिटिश सरकारला आपली जुनी पद्धत मागासलेली वाटली. अमेरिकेला शिष्टमंडळ गेलं, यंत्रं विकत घेतली गेली, आणि एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात १८५३च्या नमुन्याची रायफल यंत्रांवर घडू लागली.

याच नमुन्याच्या रायफलीचं काडतूस १८५७ मध्ये हिंदुस्थानात ठिणगी ठरलं. चरबी लावलेलं काडतूस दाताने तोडायचं, आणि ती चरबी गाईची आणि डुकराची असल्याचा संशय. हिंदू आणि मुसलमान शिपाई एकाच वेळी धर्मसंकटात सापडले. त्यांचा संताप खरा होता. त्यामागे जहागिरी बुडाल्याचं, पगाराचं, अपमानाचं दुःख साठलेलं होतं. मराठवाड्यात औरंगाबादला हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ उठलं, आणि त्यातल्या काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आलं. त्या माणसांबद्दल आदर ठेवूनही एक गोष्ट बोलली पाहिजे. ज्या हत्यारांनी आधी पंजाबात, ब्रह्मदेशात, दख्खनेत आपल्याच शेजाऱ्यांचे प्राण घेतले, त्यांच्याबद्दल इतकी वर्षं धर्माने तक्रार केली नाही. ती झाली हत्याराचा विटाळ ओठांना लागेल तेव्हा. सोवळ्याची जाणीव अशी तीक्ष्ण आणि हिंसेची जाणीव अशी बोथट का झाली? सौप्तिक पर्व ज्यांच्या घरात होतं आणि श्रावकाचार ज्यांच्या गावात होता, त्यांना हा प्रश्न टाळता येत नाही.

काचेचा महाल पुढे १८५४ मध्ये सिडनहॅमला हलवला गेला. मेजर रॉबर्ट गिल याने अजिंठ्यात वर्षानुवर्षं राहून, गुहांच्या अंधारात केलेल्या भित्तिचित्रांच्या नकला तिथे लावल्या होत्या. १८६६च्या डिसेंबरात आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. प्रदर्शनांनी जगभरातून जे गोळा केलं, त्यात शस्त्रव्यापार निषिद्ध सांगणाऱ्या त्या गुरूचा चेहराही होता. तो पाहायलाही लोक तिकीट काढूनच आले.

१८६७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात क्रुपने ५० टनांची तोफ उभी केली आणि नंतर ती प्रशियाच्या राजाला भेट दिली. पॅरिसकरांनी ती कौतुकाने पाहिली. १८७१च्या जानेवारीत वेढा पडलेल्या त्याच पॅरिसवर क्रुपच्या तोफांचे गोळे पडत होते.

मग शिकागो, १८९३. कोलंबसच्या स्मरणार्थ भरलेल्या या प्रदर्शनात सरोवराच्या काठी क्रुपचं स्वतंत्र दालन होतं, आणि त्यात सुमारे १२० टनांची महातोफ. तिच्यापासून काही मैलांवर, शहरातल्या सभागृहात, ११ सप्टेंबरला सर्वधर्म परिषद सुरू झाली. तीही याच प्रदर्शनाचा भाग होती. स्वामी विवेकानंदांचं नाव आपल्याला पाठ आहे. सुमारे वर्षभर आधी ते महाराष्ट्रात फिरून गेले होते, पुण्यात टिळकांच्या घरी राहिले होते. मुंबईहून ब्राह्मसमाजाच्या वतीने बी. बी. नगरकर गेले आणि हिंदुस्थानातल्या समाजसुधारणेवर बोलले. मुंबईतल्या जैन संघटनेचे चिटणीस, २९ वर्षांचे वीरचंद गांधी जैन धर्माच्या वतीने उभे राहिले. सिंहलद्वीपातून बौद्धांचे प्रतिनिधी धर्मपाल आले. शस्त्रव्यापार निषिद्ध मानणाऱ्या दोन्ही परंपरा एकाच वेळी त्या नगरात होत्या, आणि जगातली सर्वांत मोठी विकाऊ तोफही तिथेच होती.

प्रदर्शनाच्या चालकांना या शेजारात काही वावगं वाटलं नाही, हेच एकोणिसाव्या शतकाचं खरं चित्र. धर्माचं दालन वेगळं, तोफेचं वेगळं. धर्माने आत्म्याबद्दल, ईश्वराबद्दल, बंधुभावाबद्दल बोलावं. तोफेचं कौतुक पोलादाच्या प्रतीवर व्हावं. आपल्याकडेही मग हीच वाटणी रुजली. शस्त्राचा प्रश्न सैन्याचा झाला, व्यापाराचा झाला, आणि धर्मापाशी फक्त दसऱ्याचं हळदकुंकू उरलं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांचा राम कोदंडधारी आहे, त्यांनी गावोगाव मारुती उभे केले, बळाची उपासना सांगितली. दुर्बळाला धर्म राखता येत नाही, हा त्या शिकवणीचा गाभा. असईला शिंद्यांच्या तोफा नसत्या तर काय झालं असतं? त्या होत्या म्हणून तर वेलस्लीला तो दिवस आयुष्यभर आठवत राहिला. ज्यांच्या हाती शस्त्र नाही त्यांची काय गत होते, हे १८७८च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लोकांना चांगलं शिकवलं. तेव्हा शस्त्र बनवणारा प्रत्येक जण पापी, असं म्हणणं म्हणजे पहारेकऱ्याच्या जिवावर झोपून पहारेकऱ्यालाच नावं ठेवणं.

हे सगळं मान्य. पण कोदंड बाजारात मांडलेलं नव्हतं. समर्थांनी बळाची उपासना सांगितली ती उपासकाला. बळ हा मालाचा प्रकार आहे असं ते कुठे म्हणाले नाहीत. स्वतःच्या रक्षणासाठी तोफ ओतणं आणि कुणाच्याही हाती पडेल अशी तोफ ओतणं, यांत फरक आहे, आणि हा फरक मनातल्या हेतूइतकाच व्यवहारातही दिसतो. पहिल्यात घडवणारा वापराला उत्तरदायी राहतो. दुसऱ्यात तो गिऱ्हाइकाचं नाव न विचारण्याची सोय करून ठेवतो आणि त्या न विचारण्यालाच निरपराधपणा म्हणतो. आपण विकलं नाही तर दुसरा विकेल, हे कोल्टच्या काळापासूनचं समर्थन. पण ते प्रत्येक निषिद्ध धंद्याला लागू पडतं, विषाच्यासुद्धा. बुद्धाने यादी केली तेव्हा इतर विक्रेते बाजारात नव्हते असं थोडंच आहे?

हा प्रश्न आता परक्यांचा राहिलेला नाही. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे. तो आधी साम्राज्यासाठी चालला, मग आपल्यासाठी. पुण्याचीच भारत फोर्ज कंपनी आज लांब पल्ल्याच्या तोफा घडवते, आणि त्यांचा मोठा करार २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने केला. २०२४च्या फेब्रुवारीत मोशीला राज्य सरकारच्या पुढाकाराने संरक्षण सामग्रीचं प्रदर्शन भरलं. कित्येक लहान उद्योजकांनी आपलं कसब तिथे मांडलं. त्यांची मेहनत खरी आहे, आणि सीमेवरच्या जवानाला देशी तोफ मिळावी ही इच्छाही रास्त आहे. पण २०२४-२५ या वर्षात भारताची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली. म्हणजे असईच्या ओतकाराची जागा सोडून आपण आता कोल्टच्या जागी येऊन उभे राहत आहोत. या आकड्याचं स्वागत सगळीकडे झालं. माल कुठे जातो, कुणाच्या हाती पडतो, आणि तिथून पुढे कुणाच्या हाती, यावर कुठल्या कीर्तनात, व्याख्यानमालेत किंवा चातुर्मासाच्या प्रवचनात बोललं गेलं?

सौप्तिक पर्वातला कृष्णाचा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडण्याचा एक प्रयत्न झालेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ एप्रिल २०१३ रोजी शस्त्रव्यापार करार मंजूर केला आणि २४ डिसेंबर २०१४ पासून तो लागू झाला. विकणाऱ्या देशाने शस्त्र देण्याआधी तपासायचं की त्याचा उपयोग नरसंहारासाठी किंवा निरपराध नागरिकांवर होण्याचा धोका आहे का. धोका ठळक असेल तर विक्री थांबवायची. १५४ देशांनी बाजूने मत दिलं. भारत तटस्थ राहिला आणि अजून त्यात सामील झालेला नाही. कराराचा तोल निर्यातदार देशांकडे झुकलेला आहे, आणि दहशतवाद्यांच्या हाती शस्त्रं पडू नयेत यासाठीच्या तरतुदी त्यात लेच्यापेच्या आहेत, हे भारताचे आक्षेप होते. तेव्हा भारत जगातल्या सर्वांत मोठ्या शस्त्रखरेदीदारांपैकी एक होता, त्यामुळे पहिला आक्षेप समजण्यासारखा होता. आता निर्यातदारांच्या रांगेत नाव लावायची घाई झालेली असताना तोच आक्षेप कितपत टिकतो, याची चर्चा संसदेत व्हायला हवी. निदान कुठल्या देशाला काय विकलं आणि त्यांनी वापराबद्दल कोणती हमी लिहून दिली, याची यादी दरवर्षी सभागृहापुढे ठेवली जावी, ही मागणी महाराष्ट्रातल्या खासदारांनी करायला हरकत नाही. या तोफांतल्या कितीतरी महाराष्ट्रातच घडतात.